वेलांटी गेली कुणीकडे?

‘दिवाळी’ची ‘दविाळी’ झालेली पाहिलीय कधी? बॅनरवर, मेन्यूकार्डवर? डिझायनरला शुद्धलेखन येत नाही म्हणून लगेच नाक मुरडू नका हं. बिचाऱ्याने बहुतेक वेळा मजकूर बरोब्बर पेस्ट केलेला असतो.

गंमत अशी, की युनिकोडमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर साठवतात आणि दाखवताना अक्षराच्या अलीकडे आणतात. इनडिझाइनमध्ये हे काम कंपोझरचं. पण साधा ‘ॲडोबी पॅराग्राफ कंपोझर’ ते करतच नाही! मग वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. उपाय? मजकूर सिलेक्ट करा, पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा. बस्स! पॅराग्राफ स्टाइलच्या जस्टिफिकेशनमध्येच तो ठेवलात, तर दर वेळची शोधाशोध वाचते.

अनेक डीटीपीवाले मात्र या कटकटीपेक्षा जुने फॉन्टच बरे म्हणतात. छापील पान झकास दिसतं, मान्य. पण त्यात मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. एका मासिकाने माझा लेख असा बदलून घेतला. नंतर वेबसाइटसाठी मजकूर मागितला, तर ईमेलमध्ये आली नुसती रोमन भेळ! कन्व्हर्टर असतात, पण प्रूफ पुन्हा वाचावंच लागतं. फुकट!

म्हणून हल्ली काम घेतानाच विचारते, ‘‘फाइल युनिकोड की जुना फॉन्ट?’’ जुना असेल, तर दुसऱ्या वाचनाचे पैसे वेगळे. त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘‘मॅडम, एवढ्याशा वेलांटीचे पण पैसे?’’

हो, वेलांटीचेच.