आफ्रिकी मुखवटे आणि ‘प्रतीक’ या संज्ञेची मर्यादा

पारंपरिक आफ्रिकी शिल्प आणि मुखवटे यांच्याविषयी मराठीत जे लिहिले व शिकवले जाते, त्यातील बरेचसे विवेचन एकाच वाक्यरचनेवर उभे असते : अमुक आकार हा अमुक गोष्टीचे प्रतीक आहे. उंच कपाळ म्हणजे शहाणपण, मिटलेले ओठ म्हणजे संयम, शिंगे म्हणजे सामर्थ्य, अशा जोड्या तयार होतात आणि पुढे त्या उत्तरपत्रिकांत उतरतात. या जोड्यांपैकी काही खऱ्याही असतात. तपासून पाहायचे आहे ते त्यांच्यामागील गृहीतक. मुखवट्याचा अर्थ त्याच्या आकारात साठवलेला असतो आणि जाणकाराने तो एकदा उलगडून सांगितला की अभ्यासकाचे काम संपते, असे हे गृहीतक आहे. आफ्रिकी कलेच्या संदर्भात ते टिकत नाही. आणि ते का टिकत नाही याचा शोध घेऊ लागल्यास साहित्याभ्यासात ‘प्रतीक’ ही संज्ञा किती सैलपणे वापरली जाते, हेही ध्यानात येते.

‘आफ्रिकी’ हे विशेषणही जपूनच वापरावे लागते. पन्नासहून अधिक देशांच्या या खंडात मुखवट्यांच्या परंपरा सर्वत्र सारख्या नाहीत. त्या प्रामुख्याने पश्चिम व मध्य आफ्रिकेत एकवटलेल्या आहेत, आणि तेथेही प्रत्येक समाजाचा व्यवहार निराळा आहे. म्हणून सबंध खंडाविषयी विधान करण्यापेक्षा काही निश्चित उदाहरणे पाहणे श्रेयस्कर ठरते.

तत्पूर्वी ‘मुखवटा’ या मराठी शब्दाकडे पाहिले पाहिजे. अर्वाचीन मराठी गद्यात हा शब्द दांभिकतेचा वाचक बनला आहे. मुखवटा गळून पडतो तेव्हा खरा चेहरा दिसतो, अशी ही कल्पना. परंतु याच भाषेत भाद्रपदात गौरींचे मुखवटे बसवले जातात, देवाचा मुखवटा पालखीतून मिरवतो, आणि जव्हार-मोखाडा भागातील बोहाड्यात देवदेवतांचे मुखवटे चढवून सोंगे नाचतात. तेथे मुखवट्यामागे काही लपले आहे असे कोणी समजत नाही. गौरीचा मुखवटा बसला की गौर आली असेच म्हटले जाते. ‘सोंग’ या शब्दाचीही हीच गत आहे. झोपेचे सोंग ही लबाडी, पण बोहाड्यातील सोंगापुढे हात जोडले जातात. म्हणजे झाकणारा आणि प्रकटवणारा असे मुखवट्याचे दोन्ही अर्थ मराठीत नांदत आहेत. समीक्षेच्या परिभाषेने मात्र त्यांपैकी पहिलाच उचलला आणि आफ्रिकी मुखवट्यांकडे पाहतानाही तोच हाताशी धरला.

या निवडीने वाचन कसे बिघडते हे एका सुपरिचित कादंबरीवरून दाखवता येईल. चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’मध्ये (१९५८) इग्बो गावाचा न्यायनिवाडा एग्वुग्वू, म्हणजे मुखवटाधारी पूर्वज, करतात. त्यांतील दुसऱ्या एग्वुग्वूची चाल ओकोंक्वोसारखी आहे आणि ओकोंक्वो तर इतर प्रतिष्ठितांत बसलेला दिसत नाही, हे त्याच्या बायकांच्या लक्षात येऊ शकते. पण आले तरी त्या ते मनातच ठेवतात. हा प्रसंग भाबड्या स्त्रियांच्या फसवणुकीचा म्हणून समजावला जाण्याचा संभव असतो. वस्तुतः येथे कोणी फसलेले नाही. जाणणे आणि न बोलणे या दोहोंच्या मेळातून पूर्वज सभेत अवतरतात. निवाड्याला अधिकार प्राप्त होतो तो या सामूहिक मौनातून. पुढे नवधर्मी इनॉक भर गर्दीत एका एग्वुग्वूचा मुखवटा उतरवतो, तेव्हा कोणतेही गुपित फुटत नाही. एका पूर्वजाचा वध होतो. मुखवटा हे पूर्वजांचे केवळ प्रतीक असते, तर इनॉकचे कृत्य फार तर उद्धटपणाचे ठरले असते. कादंबरीचा उत्तरार्ध ज्या आघातावर उभा आहे, तो ‘प्रतीक’ या शब्दात मावत नाही.

दुसरे उदाहरण सिएरा लिओनमधील मेंडे समाजाचे. तेथील साँदे या स्त्रियांच्या संस्थेचा सोवेई मुखवटा काळा, चकचकीत आणि शिरस्त्राणासारखा पूर्ण डोके झाकणारा असतो. रुंद कपाळ, बारीक डोळे, मिटलेले लहान ओठ, कौशल्याने रचलेला केशसंभार आणि मानेवरील वळ्या ही त्याची लक्षणे. मानेच्या वळ्यांना कोणी भरल्या अंगाच्या निरोगी सौंदर्याची खूण मानतात, तर कोणी पाण्यातून वर येणाऱ्या देवतेभोवतीचे तरंग. इतपत माहिती यादीत बसते. परंतु हा मुखवटा कोरतात पुरुष, आणि तो धारण करून नाचतात स्त्रिया; लाकडी मुखवटा स्त्रियांनी धारण करण्याची अशी उदाहरणे आफ्रिकेत विरळ आहेत. दीक्षा घेतलेल्या मुली प्रौढ स्त्रिया म्हणून गावात परततात, त्या प्रसंगी तो प्रकट होतो. याच दीक्षाविधीशी मुलींच्या जननेंद्रियछेदनाची प्रथा निगडित राहिली आहे आणि खुद्द सिएरा लिओनमधील स्त्रियाच तिच्याविरुद्ध उभ्या ठाकल्या आहेत. सोवेई हे स्त्रीसौंदर्याचे व विवेकाचे प्रतीक आहे, एवढे म्हणून थांबणारा अभ्यासक त्या मुखवट्याची सत्ताही पाहत नाही आणि त्याने मागितलेली किंमतही.

योरुबा समाजातील गेलेदे उत्सवात व्यवस्था नेमकी उलटी आहे. बेनिन, नायजेरिया आणि टोगो येथे आढळणाऱ्या या परंपरेत पुरुष स्त्रीवेष घेऊन, बहुधा जोडीने, नाचतात. हा नाच ‘आपल्या माता’ म्हणून आदराने उल्लेखिल्या जाणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या गूढ शक्तीला संतुष्ट करण्यासाठी असतो. ती शक्ती जीवन देते आणि कोपल्यास हिरावूनही घेते. आदल्या रात्रीच्या एफे या भागात गायक गावातील दुर्वर्तनावर, सत्ताधाऱ्यांवर उपरोधिक गीते रचून गातात. मुखवट्याच्या आश्रयाने उच्चारलेल्या टीकेबद्दल त्यांना सहसा जाब विचारला जात नाही. गेलेदेच्या शिरोभागी कोरलेल्या दृश्यांत साप आणि पक्षी असतात, तशीच शिवणयंत्रे, मोटारसायकली आणि विमानेही असतात. मलावी, झांबिया व मोझांबिक येथील चेवा समाजाच्या गुले वाम्कुलू या नृत्यविधीतही वन्य पशू व मृतात्मे यांच्या जोडीला गुलामांचा व्यापारी येतो, आणि अलीकडच्या काळात होंडा मोटारसायकल व हेलिकॉप्टरही आले आहेत. ‘पारंपरिक’ या विशेषणाने जो गोठलेपणा सुचवला जातो, तो येथे आढळत नाही. गोठलेली असते ती यादी.

शिल्पाची गोष्टही निराळी नाही. काँगो खोऱ्यातील न्किसी न्कोंदी या मूर्तीच्या अंगावर शेकडो खिळे आणि पाती ठोकलेली दिसतात. युरोपीयांनी त्यांत क्रौर्य पाहिले. प्रत्यक्षात न्गांगा या तज्ज्ञाच्या उपस्थितीत ठोकलेला खिळा म्हणजे एखादा करार, एखादी शपथ किंवा एखादी फिर्याद असे. शब्द मोडणाऱ्याचा माग ही मूर्ती काढील, अशी श्रद्धा त्यामागे होती. मूर्तीचे सामर्थ्य पोटातील पोकळीत भरलेल्या द्रव्यांत वसे; ती काढून घेतली की उरते ते केवळ लाकूड. योरुबांच्या इबेजी मूर्तींचेही असेच आहे. जुळ्यांपैकी एकाचा मृत्यू झाला तर त्याची लहानशी मूर्ती घडवून तिला न्हाऊमाखू घालण्याची, नटवण्याची, भरवण्याची रीत होती. अनेक इबेजींचे नाकडोळे झिजून गुळगुळीत झालेले दिसतात. त्या मूर्तीचा अर्थ सर्वांत स्पष्टपणे कशात वाचता येतो, तर मूर्तिकाराच्या हेतूपेक्षा आईच्या हाताने झालेल्या या झिजेत.

मग अर्थांची ही यादी आली कोठून? तिचे एक उगमस्थान संग्रहालयातील काचेची पेटी हे आहे. १९०७ मध्ये पिकासोने पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले, ही घटना आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. १९१५ मध्ये कार्ल आइनस्टाइन या जर्मन समीक्षकाने आफ्रिकी शिल्पावरील आपल्या गाजलेल्या पुस्तकात या कृतींना शिल्प म्हणून गौरवले. पण त्यातील छायाचित्रांखाली स्थळ, समाज किंवा उपयोग यांचा निर्देश नव्हता. आफ्रिकी शिल्पाला कलेचा दर्जा मिळाला तो असा, नाव-गाव पुसून. वेष, ढोल, गीत, रात्र आणि गर्दी यांपासून वेगळा काढलेला लाकडी चेहरा पेटीत आला, आणि मग तो काय सांगतो असा प्रश्न पडला. तो बोलत होता त्या ठिकाणाहून त्याला आधीच उचलून आणलेले होते.

दुसरे उगमस्थान मानवशास्त्रज्ञाची टिपणवही हे होय. मालीतील डोगोन समाजाचा कानागा मुखवटा दुहेरी आडव्या पट्ट्यांच्या क्रुसासारखा दिसतो. तो पक्षी आहे असे एक स्पष्टीकरण. जगाची घडण करणाऱ्या आम्मा या ईश्वराची ती आकृती आहे असे दुसरे, अधिक गूढ. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल यांनी १९३८ मध्ये डोगोन मुखवट्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे १९४६ मध्ये ओगोतेमेली या अंध वृद्ध शिकाऱ्याशी त्यांनी तेहतीस दिवस संवाद केला आणि त्यातून एक विलक्षण सुसंगत विश्वरचना १९४८ मध्ये ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. १९९१ मध्ये वॉल्टर व्हान बेक या डच अभ्यासकाने डोगोन प्रदेशातील स्वतःच्या दीर्घ क्षेत्रकार्याच्या आधारे असे प्रतिपादन केले, की ती विश्वरचना तेथील लोकांना परिचित नाही. ती बव्हंशी प्रश्नकर्ता आणि उत्तर देणारे यांच्या परस्परसंवादातून घडली असावी. या निष्कर्षावर वाद झाला. तथापि वादाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला तरी एक गोष्ट शिल्लक राहते : अर्थ विचारणाऱ्याच्या प्रश्नाचाही अर्थात वाटा असतो. दामा या मृतांना निरोप देणाऱ्या विधीत कानागाधारी नर्तक कमरेतून वळून मुखवट्याचे टोक जमिनीला टेकवतो, तेव्हा पाहणाऱ्या प्रत्येकाला तेथे एकच अर्थ दिसत असेल असे मानण्यास आधार नाही. दीक्षितांना एक, मुलांना दुसरा, दूर उभ्या स्त्रियांना तिसरा, अशी अर्थाची वाटणी हीच त्या परंपरेची रीत आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की प्रतीक ही संज्ञा व्यापक आहे आणि संदर्भ व प्रयोग यांचा समावेश तिच्यात करता येतो. तत्त्वतः हे मान्य करता येईल. वर्गातील व्यवहार मात्र याची साक्ष देत नाही. शिवाय भारतीय काव्यशास्त्राने यासाठी अधिक काटेकोर साधन कधीच घडवून ठेवले आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात आर्थी व्यंजनेचा विचार करताना व्यंग्यार्थ कशामुळे प्रतीत होतो याची गणना केली. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, स्वर कोणता, प्रसंग कोणता, देश कोणता, काळ कोणता, या गोष्टी तीत येतात. शब्द तोच असूनही या घटकांपैकी एक बदलला की अर्थ बदलतो. हा विचार काव्यापुरता असला तरी मुखवट्यालाही तो चपखल लागू पडतो. आफ्रिकी मुखवटा समजून घेण्यासाठी मराठीच्या अभ्यासकाला परकी परिभाषा उसनी घ्यावी लागत नाही. स्वतःची परिभाषा आळस टाकून वापरावी लागते.

त्यामुळे अध्यापनाच्या पातळीवर एक साधा बदल सुचवता येतो. ‘हा मुखवटा कशाचे प्रतीक आहे?’ हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा. तो कोणी कोरला, कोणी धारण केला, कोणाला पाहण्याची मुभा होती, कोणाला नव्हती, तो कोणत्या प्रसंगी बाहेर आला, त्याच्याबरोबर काय गायले गेले आणि विधी संपल्यावर त्याचे काय झाले, हे प्रश्न आधी विचारावेत. त्यांची उत्तरे प्रत्येक वेळी मिळतील असे नाही. १८९२ मध्ये फ्रेंच सैन्याने आबोमेच्या राजवाड्यातून नेलेल्या वस्तूंपैकी सव्वीस वस्तू २०२१ मध्ये बेनिनला परत मिळाल्या. पण मधल्या जवळपास एकशे तीस वर्षांत त्यांच्याभोवतीचे किती प्रसंग आणि किती मौन विरून गेले, याचा हिशेब कोणत्याही परतीत मांडलेला नसतो. तेव्हा ज्या मुखवट्याविषयी हे प्रश्न विचारताच येत नाहीत, त्याच्याविषयी अर्थाचे ठाम विधान न करणे हाही अभ्यासाचाच भाग आहे. इग्बो स्त्रिया पुष्कळ जाणूनही गप्प राहिल्या. अभ्यासकाने निदान जाणत नसेल तेथे तरी गप्प राहावे.