वेडाचा थरार आणि साक्षीदाराचा चेहरा

मानसशास्त्रीय थरारपटाविषयी लिहिताना आपली समीक्षा हमखास एका उद्गारापाशी येऊन थांबते : 'काय वेड उभे केले आहे!' डोळे फिरले, आवाज घोगरा झाला, की अभिनय थोर. 'रात्र आरंभ'मधील (1999) दिलीप प्रभावळकर असोत वा 'भूल भुलैया'तील (2007) विद्या बालन, त्यांची कामे ताकदीची आहेत याविषयी वाद नाही. वाद आहे तो आपल्या मोजपट्टीशी. ही मोजपट्टी जुनी आहे. आगरकरांच्या 'विकारविलसिता'तून (1883) मराठीत आलेला 'हॅम्लेट' गणपतराव जोशींनी रंगभूमीवर गाजवला. तेव्हापासून आपण 'वेडाचा प्रवेश' सुटा काढून त्याला दाद देत आलो आहोत.

अशा दादेने थरारपटाच्या रूढ घाटाला बळ मिळते. त्या घाटात आजार हे रहस्याचे उत्तर असते. शेवटच्या रिळात उलगडा होतो, आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि आजारी माणसाशी आपला संबंध संपतो. 'स्किझोफ्रेनिया' म्हणजे 'दोन व्यक्तिमत्त्वे' हा गैरसमजही येथेच पोसला जातो. आपला 'छिन्नमनस्कता' हा प्रतिशब्द त्याला नकळत हातभार लावतो. प्रत्यक्षात या आजारात माणूस दोन होत नाही. वास्तवाशी असलेला त्याचा धागा तुटत जातो.

या पार्श्वभूमीवर सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (2004) पुन्हा पाहावा. त्याला कोणी थरारपट म्हणत नाही. माझे म्हणणे असे, की मनाच्या भयाला तो अनेक थरारपटांहून अधिक प्रामाणिक आहे. 'कोणी केले?' हा प्रश्नच येथे नाही. 'उद्याची सकाळ कशी उजाडेल?' हा प्रश्न आहे, आणि त्याला शेवटचे रीळ नसते. अतुल कुलकर्णींचा शेष वेडा 'दिसण्या'चा अट्टहास करत नाही. त्याच्या भ्रमाला स्वतःचा तर्क आहे आणि तो तर्क त्याला पूर्ण पटलेला आहे. आपल्याला अस्वस्थ करते ती ही खात्री.

तरीही समीक्षेने सर्वाधिक अन्याय केला आहे तो सोनाली कुलकर्णींच्या सीनावर. भावाला घरी आणणारी ही बहीण माया करते, चिडते, थकते. शेषला जे ऐकू येते ते आपल्याला ऐकू येत नाही. त्याचे वजन आपल्याला कळते ते सीनाच्या चेहऱ्यावरून. भ्रमाचा अभिनय एकट्याने होत नाही. तो साक्षीदाराच्या डोळ्यांत पुरा होतो. म्हणून या चित्रपटात प्रमुख भूमिका एक नाही, दोन आहेत.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण थरारपटाचे मोल करमणुकीत असते, त्याच्याकडून वैद्यकशास्त्र का मागावे? मागणी वैद्यकशास्त्राची नाहीच. मागणी कलेचीच आहे : पात्राला कोड्याचे उत्तर करून टाकू नका.

महाड-पोलादपूरच्या डोंगरात वाढलेल्या विद्यार्थ्याला देवराई म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. जिथली काडीही देवाला विचारल्याशिवाय उचलायची नाही, ते रान त्याने पाहिलेले असते. मायेची आणि धाकाची अशी एकत्र जागा शेषच्या मनात का रुजावी, हे शहरातल्या समीक्षकाआधी त्याला उमगेल. 'बाहेरचे आहे', 'लागीर झाले' हे शब्दही त्याच्या कानांवरून गेलेले असतात. अशा वर्गात रसास्वाद शिकवताना आपण फिरलेल्या डोळ्यांना गुण दिले, तर त्या मुलांच्या हाती काय पडेल? घरातल्या आजारी माणसाकडे तमाशा म्हणून पाहण्याची रीतच ना?

तेव्हा शिक्षकांनी एवढे करावे : भ्रमाचा प्रसंग दाखवताना विद्यार्थ्यांना आजारी पात्राकडे नव्हे, त्याच्यासमोर बसलेल्या माणसाकडे पाहायला सांगावे. तिथे काहीच घडत नसेल, तर पडद्यावरचे वेड कितीही नेत्रदीपक असो, तो अभिनय अपुरा आहे, असे निःशंकपणे म्हणावे.