रंगावर भुलू नका!

वाचकहो, गाडीच्या इंजिनाचे तेल आपण पाहतो, टायरमधली हवा पाहतो. पण बॉनेटखालच्या स्टिअरिंग-तेलाच्या चिमुकल्या डबीकडे कोणाचे लक्ष जाते? आमचेही गेले नव्हते, म्हणून ही हकीकत.

गेल्या दिवाळीत आम्ही कराडहून चिपळूणला निघालो होतो. गाडी १९९९ सालची होंडा सिटी. वडिलांनी हौसेने घेतलेली, म्हणून विकवत नाही. कुंभार्ली घाट उतरताना स्टिअरिंग कण्हू लागले आणि एका वळणावर दगडासारखे जड झाले. एका बाजूला दरी, मागच्या सीटवर म्हातारी आई! दोन्ही हातांनी जोर लावून कसेबसे वळण काढले.

जागा मिळताच थांबून बॉनेट उघडले. डबी रिकामी आणि खाली तेलाचे ओघळ! मग आठवले. दोन महिन्यांपूर्वी एका मिस्त्रीने “सगळ्यांना हेच चालतं, साहेब” म्हणत लाल तेल ओतले होते आणि मी मान डोलावली होती.

हे तेल म्हणजे नुसते वंगण नव्हे. पंप त्याच्यावर दाब आणतो आणि तो दाब चाके वळवायला आपल्या हातांना मदत करतो. दाब गेला तरी चाके वळतात, पण सारे बळ आपले लागते. तेल कोंडून धरतात ते रबराचे ऑइल सील. न मानवणारे तेल पडले की रबर फुगते किंवा कडक होते आणि गळती लागते. जुन्या गाडीचे रबर तर आधीच थकलेले!

तेव्हा रंगावर जाऊ नका; डबीचे टोपण आणि गाडीची पुस्तिका वाचा. पुष्कळ जुन्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरचे ‘डेक्सरॉन’ जातीचे लाल तेल चालते. होंडाला मात्र तिचे स्वतःचे वेगळे तेल लागते. कित्येक जर्मन गाड्या हिरवे कृत्रिम तेल मागतात. त्यात लाल मिसळू नये. ब्रेकचे तेल तर चुकूनही घालू नये. आणखी एक ध्यानात ठेवा: हे तेल जळून संपत नाही. पातळी उतरली म्हणजे कोठेतरी गळते आहे. नुसती भर घालून भागत नाही. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत हे काम विजेची मोटार करते, तेथे या तेलाचा प्रश्नच नाही.

आमच्या गाडीचे सील बदलले, जुने तेल पुरते काढून योग्य ते भरले. खर्च ऐकून आई एवढेच म्हणाली, “माझी गोळी देताना पाकिटावरचं नाव दोनदा वाचतोस. बाबांच्या गाडीला तेल घालताना एकदा तरी वाचायचं होतंस!”

यावर काय बोलणार?