पांडुरंगाचा कोश कशाचा?

‘कोसला’ म्हणजे एकट्या पडलेल्या तरुणाची कादंबरी, हे मत आता इतकं रुळलंय की त्याला कुणी पुरावाही मागत नाही. पांडुरंग सांगवीकर समाजापासून तुटला, स्वतःभोवती कोश विणून बसला, म्हणून तो आपला मराठी अस्तित्ववादी. शेजारी सॅलिंजरची १९५१ची ‘द कॅचर इन द राय’ आणून ठेवली की समीक्षा पुरी!

या वाचनाला आधार नाही असं नाही. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ साली आली. पंचविशीतला तिचा नायक सगळ्यांची टर उडवतो, पुण्यात शिक्षणाचा बोजवारा उडवतो आणि काहीही सिद्ध न करता गावी परततो. एकटेपणा आहेच. वाद आहे तो हा एकटेपणा कशाचा बनलाय याबद्दल.

कोशाचं प्रतीक घ्यायचं तर पुरतं घ्यावं. रेशमाचा किडा धागा स्वतःच्या तोंडातून काढतो, हे खरं. पण पोटात तुतीचा पाला गेल्याशिवाय तो धागा निघत नाही. पांडुरंगाचा पाला त्याच्या गावाहून, सांगवीहून येतो. मित्रांवर उधळायचे पैसे वडिलांचे, मेसच्या कारभारातल्या खोटीची झळही घरालाच. मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर गावाकडे जायची. इथे खानदेशातलं गाव शहरातल्या पोराला पोसतं. वडिलांवर चिडायलासुद्धा त्याला वडिलांचेच पैसे लागतात. अशा माणसाला ‘तुटलेला’ म्हणायचं कसं?

यावर देशीवादाचे भक्त खूश होतील: बघा, अखेर मुळाशी परतला! तेही खोटं. सांगवीत त्याला मूळबीळ काही सापडत नाही. तिथे रिकामपण आहे, वडिलांचा वरचष्मा आहे आणि तिथेही तो उपराच आहे.

मुंबईच्या उपनगरातल्या वाचकाला हा पेच उमजायला कामू वाचावा लागत नाही. अंधेरीत दोन पिढ्या काढलेल्या माणसाला ‘गाव कुठलं?’ विचारा. तो चिपळूण सांगेल, कऱ्हाड सांगेल, अंधेरी सांगणार नाही. गावच्या घराची कौलं फुटलेली असतात, वाटणीचा दावा कोर्टात असतो, गणपतीला गेला की पाचव्या दिवशी त्याला अंधेरीची आठवण येते, आणि गाववाले त्याला मुंबईकर म्हणतात. तरी तो सांगतो ते गावच. ही भाबडी ओढ नव्हे. ज्यांचं देणं फिटलेलं नाही अशा माणसांच्या आणि जागांच्या हिशेबातूनच तो स्वतःला ओळखतो. सांगवीकरानं तर गाव आडनावातच वागवलंय. (नेमाडे स्वतः सांगवीचेच, आणि नोकरीच्या अखेरीस मुंबई विद्यापीठात.)

आणि मनी. कामूच्या १९४२च्या कादंबरीतला म्यर्सो आईच्या अंत्यविधीला रडत नाही; त्याच्या परकेपणाची ती खूणच. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी मरते, तेव्हा एरवी कशातही न सापडणारा हा टवाळ मुळापासून हादरतो. ज्यांना तो अस्तित्ववादीच हवा आहे, त्यांनी मनीचं मरण बाजूला काढून त्याला तसा ठरवून दाखवावा. हाती राहील तो फक्त वसतिगृहातला एक नापास, उधळ्या पोरगा, आणि त्याच्यासाठी ‘कोसला’ लिहायची कुणाला गरज नव्हती.