स्टँडर्ड एरर: वेगळ्या वाटेचा वाद

युनिक्स किंवा लिनक्सच्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला सहसा तीन वाटा आयत्या मिळतात. शून्य क्रमांकाच्या वाटेने माहिती आत येते, एक क्रमांकाच्या वाटेने निकाल बाहेर पडतो आणि दोन क्रमांकाची वाट, म्हणजे स्टँडर्ड एरर, चुकांच्या सूचनांसाठी असते. ही शेवटची वाट अनावश्यक आहे, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याचे आक्षेप तीन. दोन्ही वाटांचा मजकूर शेवटी एकाच पडद्यावर उमटतो, तेव्हा भेद निरर्थक आहे. काम फसले की नाही हे प्रोग्राम संपताना देतो तो एक्झिट कोड सांगतोच. आणि दोन वाटांमुळे ओळींचा क्रम बिघडतो.

पहिला आक्षेप पडदा हेच मजकुराचे एकमेव ठिकाण मानतो. युनिक्समध्ये १९७३ साली पाइप आला. कल्पना डग मॅकिलरॉय यांची, ती प्रत्यक्षात आणली केन टॉम्पसन यांनी. एका प्रोग्रामचा निकाल थेट दुसऱ्याच्या आत जाऊ लागला, पण तक्रारीही त्याच वाटेने जात होत्या. निकाल फाइलमध्ये वळवला की चुकीची सूचना फाइलमध्ये गडप होई. पाइपमध्ये तर पुढचा प्रोग्राम तिलाच माहिती समजून कामाला लागे. फोटोटाइपसेटरवर मजकूर जुळवायला पाठवावा आणि महागड्या कागदावर ‘फाइल उघडता येत नाही’ एवढेच देखण्या टायपात उमटून यावे, अशा आठवणी युनिक्स जिथे घडले त्या बेल लॅब्जच्या मंडळींनी सांगितल्या आहेत. रचनेचा साधेपणा मोडू नये म्हणून १९७५च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत हे सोसले गेले. त्यानंतर डेनिस रिची यांनी वेगळी वाट काढून दिली. एकच वाट पुरे म्हणणाऱ्यांचा प्रयोग असा पूर्वीच होऊन गेला आहे, आणि तो फसलेला आहे.

दुसऱ्या आक्षेपातला एक्झिट कोड हा नुसता आकडा असतो. मजकुरात शब्द शोधणाऱ्या ग्रेप या प्रोग्रामला शब्द सापडला तर तो शून्य देतो, सापडला नाही तर एक, आणि काही बिघडले तर दोन. हजार फाइलींपैकी एक वाचण्याची परवानगी नसेल, तर बाकीच्यांचा निकाल बिनचूक असूनही कोड दोनच येतो. अडलेली फाइल कोणती, हे त्या दोनवरून कळणार कसे? त्यातही प्रोग्रामांची साखळी असेल, तर शेल आपण होऊन फक्त शेवटच्याचा कोड कळवतो.

तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. फाइलकडे जाणारा निकाल बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, जमत राहतो, तक्रार बहुधा लगेच बाहेर पडते. त्यामुळे लॉगमध्ये तक्रार आधी आणि तिच्या आधीच्या ओळी मागाहून, असा उलटा प्रकार दिसतो. शेलमध्ये दोन्ही वाटा जोडूनही तो सुटत नाही, कारण बफर प्रोग्रामच्या पोटात असतो. तक्रार लिहिण्यापूर्वी प्रोग्रामनेच तो रिकामा करायला हवा. पण क्रमासाठी वाटच बुजवणे महागात पडते. वेगळ्या वाटा हव्या तेव्हा एका चिन्हाने जोडता येतात. एकदा मिसळलेला मजकूर खात्रीने निवडून काढता येत नाही. जोडण्याचा निर्णय वापरणाऱ्याच्या हाती राहावा, तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने परस्पर घेऊ नये.

जोडणेही जपून करावे लागते. मायएसक्यूएल डेटाबेसचा बॅकअप काढताना पासवर्ड कमांडमध्येच दिला, तर असे करणे असुरक्षित आहे असा इशारा दोन क्रमांकाच्या वाटेवर येतो. घाईत दोन्ही वाटा एकाच फाइलीत सोडल्या की तो इशारा बॅकअपमध्ये शिरतो. फाइल बनते, आकारही ठीक दिसतो. पुढे डेटा परत भरायची वेळ आली की मायएसक्यूएल त्या ओळीवर अडते.

खरा भेद यश आणि अपयश यांच्यातला नाहीच. ‘एरर’ या नावाने तो गैरसमज पसरवला आहे. वापरणाऱ्याने जे मागितले ते एक क्रमांकाच्या वाटेने जावे, आणि कामाविषयीचे बोलणे दोनच्या. कर्ल फाइल उतरवताना दाखवतो तो प्रगतीचा तक्ता चूक नव्हे, तरीही तो दोनच्या वाटेने येतो आणि तेच योग्य आहे. उलट मुद्दाम विचारलेला आवृत्ती क्रमांक हा निकालच. पायथन तो पूर्वी तक्रारींच्या वाटेने देत असे, ३.४ पासून निकालाच्या वाटेने देऊ लागला. जावाने ९व्या आवृत्तीत त्यासाठी निराळा पर्याय आणला. वापराची माहिती मागून घेतली तर ती एकच्या वाटेने यावी. कमांड चुकल्यामुळे ती ऐकवली जात असेल तर दोनच्या.

वाट वेगळी केल्यावरही एक अडचण उरली. पाइपमध्ये चार प्रोग्राम एकाच वेळी चालतात आणि चौघांच्या तक्रारी एकाच टर्मिनलवर येऊन पडतात. ‘फाइल सापडली नाही’ एवढे वाचून कोण अडले हे समजत नाही. म्हणून प्रत्येक सूचनेच्या आरंभी प्रोग्रामने आपले नाव लिहावे, मग अपूर्णविराम देऊन फाइलीचे नाव आणि कारण द्यावे, असा रिवाज पडला.