आलेले पास

२०२५च्या फेब्रुवारीतल्या सामन्याची गोष्ट. आमच्या शेजारचा मुलगा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, एका सकाळी दोन मोबाईल हातात घेऊन माझ्याकडे आला. एक त्याचा, एक आईचा. तिसरा माझा मागायला आला होता.

"आजोबा, तिकिटं सुरू होऊन राहिली. जितके फोन, तितके चान्स."

६ फेब्रुवारीला जामठ्याला भारत आणि इंग्लंडचा एकदिवसीय सामना होता. पोरगं आठवीतल्या दोन मुलांच्या शिकवण्या घेतं, त्यातून तिकिटापुरते पैसे साठवले होते. कोणाकडे हात पसरला नव्हता. आम्ही दोघं माझ्या ओसरीवर तीन मोबाईल मांडून बसलो. पडद्यावर एक गोल चक्र फिरत होतं. त्याच्या आईने दोनदा चहा पाठवला. चक्र थांबलं तेव्हा त्याच्या ऐपतीतली तिकिटं संपलेली होती. जामठ्याच्या मैदानात सुमारे ४५ हजार माणसं बसतात आणि अख्ख्या विदर्भाला त्या दिवशी तिथे जायचं होतं, तेव्हा तक्रार तरी कोणाची करणार? पोराने मुकाट्याने मोबाईल उचलले.

त्याच संध्याकाळी माझ्या एका जुन्या परिचिताचा फोन आला. नाव आणि खातं सांगत नाही, गरजही नाही. म्हणाले, "सर, दोन पास आले आहेत. मला क्रिकेटचं काही विशेष नाही. तुम्ही जात असाल तर पाठवतो."

मी म्हटलं, "नको."

हे मी पोराला सांगितलं, हीच माझी चूक. "आजोबा, तुम्हाला नको होते तर मला द्यायचे ना!" असं म्हणून तो गेला आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचा राग रास्तच होता. मी त्याला तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. आता देतो.

त्यासाठी मला ३१ ऑक्टोबर १९८७ ह्या दिवसाकडे जावं लागेल. नागपूरकर जुन्या मंडळींना तारीख सांगितली की पुरे. रिलायन्स विश्वचषक, सिव्हिल लाइन्सचं मैदान, समोर न्यूझीलंड. चेतन शर्माने लागोपाठच्या तीन चेंडूंवर रुदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड ह्यांच्या दांड्या उडवल्या. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. त्यानंतर अंगात ताप असताना सुनील गावसकर असा काही खेळला की बोलायची सोय नाही. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं एकुलतं एक शतक आमच्या नागपुरात झालं. २२२ धावांचं लक्ष्य आपण तेहतिसाव्या षटकात एक गडी गमावून गाठलं. मी तिथे होतो. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक वर्गाला मी ही गोष्ट खडूचा चेंडू करून सांगितली.

मैदानात मी कसा पोचलो, हे मात्र एकाही वर्गाला सांगितलं नाही.

दिवाळीची सुटी होती. भाऊबीज आटोपल्यावर एक पालक फराळाचा डबा घेऊन घरी आले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता आणि सहामाहीत माझ्याच विषयात घसरला होता. मुलाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. चहा घेतला, नमस्कार केला, गेले. डब्याखाली पाकीट होतं, पाकिटात दोन पास. बायको म्हणाली, "परत करा." मी म्हटलं, "आता आलेच आहेत तर..."

पुढे मी त्या मुलाचे गुण वाढवले का? नाही. पण वर्गात त्याला प्रश्न विचारताना माझा आवाज खाली येऊ लागला. दुसऱ्याला जिथे मी उभं केलं असतं, तिथे त्याला "बस, उद्या वाचून ये" म्हणू लागलो. कागदावर कुठे काही नाही. पण मला माहीत आहे, आणि मला वाटतं त्या मुलालाही माहीत होतं.

आणखी एक आठवण आहे, ती जास्त बोचते. आमच्या शाळेचा शिपाई, क्रिकेटचं भयंकर वेड असलेला माणूस. तो पहाटे चारला तिकिटाच्या रांगेत लागला होता. त्याचा नंबर यायच्या आत तिकिटं संपली. रेटारेटीत त्याची एक चप्पल गेली. सामना त्याने रेडिओवर ऐकला. शाळा उघडल्यावर मला म्हणाला, "सर, तुम्ही तं प्रत्यक्ष पाह्यलं. चेतन शर्मानं कशी टाकली, सांगा ना." आणि मी सांगितलं हो! हातवारे करून, रंगवून सांगितलं. तो तोंड उघडं ठेवून ऐकत होता. त्याच्या जागी मी बसलो होतो हे त्याला सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं?

म्हणून मंडळी, आज जे लिहितो आहे ते इतरांकडे बोट दाखवून लिहीत नाही.

आपल्या भाषेत पासाबद्दल कसं बोलतात पाहा. तिकीट आपण काढतो. पास मात्र येतात. पाऊस यावा, पाहुणे यावेत, तसे ते येतात. "मी पास घेतला" असं म्हणणारा माणूस मला ह्या वयापर्यंत भेटला नाही. कोणी मागितलेला नसतो, कोणी दिलेला नसतो, सगळे बिचारे नाइलाजाने व्हीआयपी गॅलरीत बसलेले असतात. कर्त्याला वाक्यातून गायब करायची ही युक्ती व्याकरण शिकवणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

पासाचं समर्थनही ठरलेलं आहे. "खुर्ची रिकामीच गेली असती, सर." अजिबात नाही. ज्या सामन्याला खुर्ची रिकामी राहते, त्याचे पास कोणी मागत नाही. मैदान भरणार असतं तेव्हाच पासाला किंमत येते, आणि भरलेल्या मैदानात प्रत्येक पास हे कोणाचं तरी न मिळालेलं तिकीट असतं.

माझं म्हणणं पटत नसेल तर त्याच महिन्यातला, त्याच मैदानावरचा पुरावा देतो.

इंग्लंडच्या सामन्यानंतर अकरा दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, जामठ्यालाच रणजीचा उपांत्य सामना सुरू झाला. विदर्भ विरुद्ध मुंबई! आमच्यासाठी ह्याहून मोठं वैर कोणतं? आदल्या वर्षी, २०२४च्या मार्चमध्ये, ह्याच मुंबईने वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात आपल्याला १६९ धावांनी हरवलं होतं. ५३८ धावांचा डोंगर समोर असताना कर्णधार अक्षय वाडकर शतक ठोकून लढला होता. ते उट्टं काढायची संधी घरच्या मैदानावर आली होती. मुंबईकडून कोण? अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे, शार्दुल ठाकूर. प्रवेश फुकट. रांग नाही, चक्र नाही, ओळख नको.

दुसऱ्या दिवशी मी पोराला घेऊन गेलो. रुसवा गेला होता, एक प्रॅक्टिकल मात्र बुडलं. (मास्तर असून मी हे करायला नको होतं, कबूल.) मेट्रोने खापरी, तिथून ऑटो. आम्ही बसलो होतो तिथे दोन माणसांच्या मध्ये दहा-दहा खुर्च्या मोकळ्या. आणि त्या मोकळ्या खुर्च्यांसमोर पार्थ रेखडे ह्या आपल्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे ह्या तिघांना बाद केलं. पोरगं खुर्चीवर उभं राहून ओरडत होतं. ज्या सूर्यकुमारला बघायला एरवी लोक पासासाठी जमीन-अस्मान एक करतात, तो आमच्या डोळ्यांसमोर शून्यावर परत गेला. विदर्भाने तो सामना ८० धावांनी जिंकला. पुढे २६ फेब्रुवारीपासून ह्याच मैदानावर केरळविरुद्ध अंतिम सामना झाला. दानिश मालेवारच्या १५३ धावा, करुण नायरचं दुसऱ्या डावातलं शतक, पहिल्या डावातली ३७ धावांची आघाडी, आणि विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले, एका रणजी मोसमातला तो विक्रम.

आता सांगा, पास "आलेली" मंडळी त्या दिवशी कुठे होती? त्यांना क्रिकेट हवं होतं तर ते तिथे फुकट पडलेलं होतं. पण फुकट सगळ्यांना होतं ना, तिथेच घोडं अडलं. जे शिपायालाही मिळतं ते घेऊन आपली पत कशी दिसणार? आपल्याला फुकटाचीही हौस नसते. दुसऱ्याला जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालं, ह्याची हौस असते. १९८७ साली मलाही तीच होती. हॅटट्रिक नंतर झाली. कॉलर त्याच्या आधीच ताठ झाली होती.

हे फक्त आपल्या गावाचं दुखणं नाही. २०१८ साली क्रिकेट मंडळाच्या नव्या घटनेने मोफत पासांवर दहा टक्क्यांची मर्यादा घातली. बाकी नव्वद टक्के जागा लोकांना विकायच्या. ह्या वाटणीवरून इंदूरमध्ये असा वाद पेटला की तिथला वेस्ट इंडिजविरुद्धचा सामनाच हलवून विशाखापट्टणमला न्यावा लागला. २४ ऑक्टोबरला तो तिथे झाला आणि बरोबरीत सुटला. इंदूरच्या लोकांचा एक अविस्मरणीय सामना गेला तो पावसाने नव्हे, पासांनी. दुसऱ्या टोकाला सप्टेंबर २०२२ मधलं हैदराबाद आठवा. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याच्या तिकिटांसाठी जिमखाना मैदानावर चेंगराचेंगरी झाली, लाठ्या चालल्या, माणसं इस्पितळात गेली. त्या गर्दीत पास आलेलं कोणी होतं का, हा प्रश्न विचारायचीही गरज नाही.

दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. ४५ हजारांचे दहा टक्के म्हणजे साडेचार हजार. हजार-अकराशे पटाच्या चार शाळा. त्यातले काही पास अगदी योग्य असतात. जुन्या खेळाडूंना द्या, खेळपट्टी राखणाऱ्या माळ्याच्या घरच्यांना द्या, मुलांना फुकट शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना द्या. बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसाचा तर प्रश्नच नाही, तो बिचारा सामन्याकडे पाठ करून उभा असतो. माझं भांडण आहे ते ज्याची ऐपत आहे आणि खेळाशी ज्याचा संबंध नाही त्याच्याशी. साहेब, डॉक्टर, संपादक, मुख्याध्यापक, आणि हो, मास्तर.

मी लेकीकडे अमेरिकेत, मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला काही महिने राहिलो होतो. तिथे विद्यापीठाचं फुटबॉल मैदान आहे, एक लाखाहून जास्त माणसं बसतात. शेजारच्या ओहायो राज्याच्या विद्यापीठाशी त्यांचं वैर १८९७ पासूनचं. तिथलं सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही, पोरं आपली तिकिटं चढ्या भावाने विकतातही. पण एक गोष्ट मनात राहिली. मैदानाचा एक मोठा भाग विद्यार्थ्यांचा, मोसमाची तिकिटं त्यांना इतरांहून स्वस्त. खेळ ज्यांच्या वयाचा आहे त्यांची जागा आधी, बाकीच्यांची नंतर. आपल्याकडे विद्यार्थी आठवतो तो कसोटीच्या रिकाम्या खुर्च्या भरायला.

तेव्हा माझ्या मागण्या तीनच. मोठ्या सामन्याला एक अख्खा स्टँड विद्यार्थ्यांसाठी, ओळखपत्र दाखवून, त्यांना परवडेल अशा दरात. प्रत्येक सामन्यानंतर किती पास वाटले आणि कोणत्या कारणासाठी, ह्याची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावा. आम्ही नापास मुलांचे निकाल फळ्यावर लावत होतोच की. तिसरी मागणी आपल्याच लोकांकडे. पास आला तर परत पाठवा. शेजारच्या मुलालाही देऊ नका, कारण मग विसाव्या वर्षीच तो शिकतो की रांग मूर्खांसाठी असते.

हे सगळं मी पोराला वाचून दाखवलं. शांतपणे ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही हॅटट्रिक पाहून घेतली, आणि आता मले तत्त्व सांगून राहिले."

ह्याला माझ्याकडे उत्तर नाही. असो. नव्या मोसमात रणजीचा सामना जामठ्याला लागला की आम्ही दोघं पुन्हा जाणार आहोत. ज्यांना यायचं त्यांनी यावं, जागा भरपूर असते. ऊन मात्र कडक असतं, टोपी आणा.