डहाणूच्या वाड्या, तलासरीची वाट

इंग्लंडला जाऊन आलेला मनुष्य ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तो लंडनबद्दल फारसे बोलत नाही. लंडन काय, कोणीही पाहतो! तो बोलतो खेड्यांबद्दल. कुठल्याशा आडगावी दोन दिवसांचा मुक्काम, गावाच्या टोकाला पडका किल्ला, आठशे वर्षांचे जुने चर्च आणि तिथून मैलभरावर कुणा लॉर्डसाहेबांची शंभर खोल्यांची हवेली. तिकीट काढून आत जावयाचे, भिंतीवर टांगलेल्या सात पिढ्यांपुढे आदराने उभे राहावयाचे आणि बाहेर येऊन बागेत चहा घ्यावयाचा. अशी वर्णने आम्ही पुष्कळ ऐकली आहेत आणि दर वेळी आमच्या मनात एकच प्रश्न येतो : या सद्गृहस्थांनी चर्चगेटपासून जेमतेम सव्वाशे किलोमीटरांवरचे आपले डहाणू पाहिले आहे काय?

कारण हे सारे डहाणूस आहे. किल्ला आहे, देवस्थान आहे, डोंगरातल्या ऐतिहासिक गुहा आहेत आणि समुद्रकाठाने ओळीने पसरलेल्या इराण्यांच्या वाड्या आहेत. त्यांत कौलारू बंगले, प्रशस्त ओटे, विहिरी आणि शेकडो चिकूची झाडे. व्हिसा लागत नाही. २०१३ पासून मुंबईची लोकलच थेट डहाणू रोडपर्यंत जाते. तेव्हा वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत फराळाचा डबा पिशवीत टाका, मुलांना बरोबर घ्या आणि निघा.

किल्ल्यापासून सुरुवात करण्याची रीत आहे, म्हणून तिथून करू. डहाणूचा किल्ला गावातच, खाडीजवळ आहे. तो पाहून कोणी थक्क होणार नाही. आटोपशीर काळा तट, बुरूज, आणि पुढच्या काळात आत थाटलेल्या सरकारी कचेऱ्या. किल्ल्याचा रुबाब कचेरीने जितका उतरतो तितका तोफेनेही उतरत नसावा. पोर्तुगीजांनी दीडदोनशे वर्षे इथे अंमल केला आणि चिमाजी आप्पांच्या ज्या मोहिमेत १७३९ साली वसई पडली, त्याच मोहिमेत डहाणूही मराठ्यांकडे आले. पण गावाचे वय याहून फार मोठे. नाशिकच्या पांडव लेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा एक शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात या जावईबापूंनी ज्या नद्यांवर लोकांसाठी फुकट होड्या ठेवल्या त्यांची यादी आहे : पारदा, दमणा, तापी आणि 'डाहणुका'. म्हणजे आपण किल्ल्याजवळ ज्या खाडीकडे पाहत उभे असतो, तिच्यावर दोन हजार वर्षांपूर्वी मोफत तरी चालत होती! मुलांना किल्ल्यापेक्षा ही गोष्ट अधिक लक्षात राहते, असा आमचा अनुभव आहे.

तिथून उत्तरेला बोर्डीचा रस्ता धरावा. एका हाताला सुरूची बने आणि समुद्र, दुसऱ्या हाताला वाड्या. नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशी गावे एकामागून एक येतात आणि प्रत्येक गाव सावलीतच वसलेले. पारशी आणि इराणी यांत आपल्याकडे नेहमी घोटाळा होतो, म्हणून सांगतो. दोघांचा धर्म एकच, जरथुष्ट्राचा. पण पारशी मंडळी हजार-बाराशे वर्षांपूर्वी जवळच्या संजाण बंदराला उतरली. इराणी आले ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर. यझ्द-किरमाणकडचा छळ आणि उपासमार यांना कंटाळून निघालेली ही गरीब माणसे. मुंबईत त्यांनी हॉटेले काढली, ज्यांच्या मस्कापावावर आपल्या कित्येक पिढ्या पोसल्या. आणि इकडे डहाणूकडे त्यांनी ताडी-दारूचे गुत्ते घेतले, दुकाने टाकली, मग जमिनी घेतल्या आणि वाड्या उठवल्या.

चिकूचे झाड मूळचे मेक्सिकोकडचे. तिकडे त्याच्या चिकापासून प्रथम च्युइंग गम तयार झाला. 'चिकू' हा शब्दही तिकडूनच आला. आपल्या 'चिका'शी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे, पण फळ तोडून देठाशी बोट लावले की तो योगायोग बोटाला चांगलाच चिकटतो. एकोणिसावे शतक संपता संपता घोलवडच्या बाजूला त्याची लागवड सुरू झाली. खारा वारा आणि इथली जमीन त्याला इतकी मानवली की २०१६ साली 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. काही वाड्यांतून आता पाहुण्यांची उतरण्याची सोय आहे. सकाळी बंगल्याच्या ओट्यावर चहा आणि ऑम्लेट, दुपारी धानशाक, आणि मधल्या वेळात झाडाखाली नुसते पडून राहणे. मुंबईच्या माणसाला औषधापेक्षा हे लवकर लागू पडते.

ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी बाहरोटच्या गुहा चढाव्या. बोर्डीहून आसवलीच्या बाजूने त्या डोंगराकडे जातात. स्थानिक लोक त्याला बारडाचा डोंगर म्हणतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस संजाणवर मुसलमानी फौजा चालून आल्या, तेव्हा पारशांच्या धर्मगुरूंनी आपला पवित्र अग्नी 'ईराणशाह' उचलला आणि या डोंगरातल्या गुहांत आणून लपवला. बारा वर्षे तो इथे तेवत ठेवला, असे 'किस्से संजाण' या फारसी काव्यग्रंथात सांगितले आहे. चढताना घामाघूम झाल्यावर एक विचार करून पाहावा : बारा पावसाळे, रोज कोरडी लाकडे, आणि डोंगरात दडून बसलेली मूठभर माणसे! तो अग्नी पुढे वांसद्याला, नवसारीला आणि शेवटी १७४२ साली उदवाड्याला गेला. आजही तो तिथे आहे.

आता लाकडांचा विषय निघालाच आहे तर विचारून टाकतो. ती लाकडे वाहिली कोणी असतील? आणि पुढच्या काळात या वाड्यांतल्या विहिरी खणल्या कोणी, झाडांना पाणी शेंदले कोणी, चिकू उतरवले कोणी? आमच्या सौभाग्यवतींना असे प्रश्न विचारण्याची खोड आहे. एका वाडीत चिकू वेचणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना त्यांनी सहज विचारले, "आजी, किती वर्षं झाली इथं कामाला?" आजींनी हाताने दाखवले : इतकी होते तेव्हापासून. आणि मग सांगितले की, आई इथेच होती, तिची सासूही इथेच. आम्ही बंगल्याच्या भिंतीवर मालकांच्या तीन पिढ्यांच्या तसबिरी नुकत्याच पाहून आलो होतो. आजींच्या तीन पिढ्यांची तसबीर त्या भिंतीवर नव्हती.

इंग्लंडात हल्ली हा प्रश्न उघड विचारतात, हे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे. तिकडच्या शेकडो जुन्या हवेल्या आणि बागा सांभाळणारी नॅशनल ट्रस्ट ही १८९५ साली निघालेली संस्था. तिने २०२० साली आपल्या वास्तूंची छाननी केली, तेव्हा ९३ ठिकाणांचा संबंध गुलामांच्या व्यापाराशी किंवा वसाहतींतल्या कमाईशी निघाला. मोठा गहजब झाला. चहा घ्यायला आलेल्यांना हे कशाला सांगता, असेही पुष्कळांनी विचारले. पण सांगितले हे खरे.

आपल्याकडे हे सांगितले गेले ते तलासरीच्या वाटेवर. म्हणून आमचा आग्रह असा की डहाणूला जाणाऱ्याने निदान एक दुपार पूर्वेकडे वळावे. समुद्र मागे पडतो, रेल्वे ओलांडली की सुरू संपतात, साग आणि ताड लागतात, कुडाची घरे लागतात. हा वारल्यांचा मुलूख. कोणे एके काळी यातली बरीच जमीन त्यांचीच होती. कर्जाच्या कागदांवर अंगठे उठले आणि ती सावकार-जमीनदारांच्या नावावर चढली. हे जमीनदार सर्व जातिधर्मांचे होते, यात कोणी एकट्याने शरमेने मान खाली घालावी असे नाही. १९३० नंतरच्या त्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारला अहवाल दिला, त्यात 'लग्नगडी' या चालीचे वर्णन आहे. लग्नासाठी वारली तरुणाने सावकाराकडून थोडे पैसे घ्यावयाचे, आणि त्या पैशांपायी त्याने व त्याच्या बायकोने आयुष्यभर सावकाराच्या घरी राबावयाचे. लग्नाची हळद उतरते न उतरते तो गुलामी सुरू!

१९४५ साली ही चाल मोडली. गोदावरी परुळेकर, माहेरच्या गोखले, पुण्याच्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. आणि त्यांचे पती शामराव परुळेकर. किसान सभेच्या कामासाठी ही जोडी या जंगलात आली. त्या वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याच्या परिषदेला इकडचे काही वारली गेले होते. मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावी हजारो वारल्यांची सभा भरली आणि ठरले ते फार साधे : वेठ करावयाची नाही, आणि जमीनदाराच्या खाजगी शेतावर रोजी बारा आणे रोख मिळाल्याखेरीज राबावयाचे नाही. बारा आणे! आजच्या मुलांना आणा म्हणजे काय ते आधी समजावून सांगावे लागेल. पावसाळा संपला तसा गवतकापणीचा संप झाला. इथले गवत तेव्हा मुंबईला जात असे. पाचशे पौंड कापणीला अडीच रुपये, ही मागणी होती. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार सोबती मारले गेले. बाईंनी पुढे हे सारे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिले आणि त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. डहाणूस जाण्यापूर्वी ते वाचावे. प्रवासाची पुस्तके पुष्कळ असतात. पण मार्गदर्शक पुस्तक आम्ही याला म्हणू.

तलासरीत पाहावयाचे काय, असे कोणी विचारील. वास्तू म्हणाल तर गोदावरी-शामराव परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. आदिवासी मुले-मुली तिथे शिकतात. तालुकाही वयाने लहान. १९६० साली महाराष्ट्र-गुजरात वेगळे झाले तेव्हा उंबरगाव तालुका तुटला. उंबरगाव, संजाण तिकडे गेले आणि उरलेल्या गावांचा तलासरी झाला. महामार्गावरून गुजरातेत पळणाऱ्या मोटारी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. डहाणू तालुक्यातल्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला मात्र थांबतात. चैत्री पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते आणि डोंगराच्या शिखरावर ध्वज चढवण्याचा मान वाघाडी गावच्या आदिवासी पुजाऱ्याचा असतो.

परतताना कोसबाडची टेकडी चुकवू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेव्हाच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे दहाबारा वर्षांनी केंद्र कोसबाडला आले. वारल्यांची मुले शाळेत येईनात, कारण ती गुरे राखत. तेव्हा या दोघी बायांनी शाळाच कुरणात नेली आणि तिचे नाव ठेवले 'कुरणशाळा'. पाड्यावरच्या अंगणात भरणारी ती 'अंगणवाडी'. तुमच्या-आमच्या गल्लीतली अंगणवाडी ज्या शब्दाने चालते तो शब्द इथला आहे. सन १९४५, आणि घोलवड-बोर्डी-झरीचा हा एवढासा टापू! एकाच वर्षी एक बाई मजुरीचा भाव शिकवीत होती आणि दुसऱ्या दोघी मुळाक्षरे.

वाड्यांवर आम्ही रुसलो आहोत असे मात्र कोणी समजू नये. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि कारखान्यांना लगाम घातला. तो लगाम ढिला पडू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडले त्यांत नर्गिस इराणी या इथल्याच बागायतदार बाई पुढे होत्या. १९९६ साली न्यायालयाच्या आदेशाने प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. आज झाडे दिसतात ती यांच्यामुळे. आता वाढवण येथे मोठे बंदर येत आहे : १९ जून २०२४ ला मंत्रिमंडळाची मान्यता, ३० ऑगस्टला पायाभरणी, अंदाज ७६ हजार कोटींच्या वर. मच्छीमारांचा विरोध जुना आहे. नोकऱ्या येतील म्हणून वाट पाहणारेही आहेत. आम्ही एवढेच म्हणू की, पाहावयाचे असेल तर यंदाच पाहून घ्या.

सोयीचे सांगतो. एक दिवस किल्ला, बोर्डीचा रस्ता आणि वाडीतला मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे बाहरोट, दुपारी झरी-तलासरी, उतरत्या उन्हात कोसबाड. रविवारी संध्याकाळी परतीच्या लोकलला गर्दी फार असते. डहाणूलाच चढावे, म्हणजे बसावयास मिळते. चिकू घेताना पिकलेले घेऊ नयेत, घरी पोचेपर्यंत त्यांचा लगदा होतो. साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवे दिसले तर फळ कोवळे, पिवळसर दिसले तर खुशाल घ्यावे. दोन-तीन दिवसांत घरीच पिकते. आणि रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या बाईंकडून घेतलेत तर आणखी बरे. त्या भाव कमीच सांगतात.